मुलांची पोस्टर तपासायला बसताय? आधी हे वाचा

समजा पहिल्यांदाच तुम्हाला पोस्टर स्पर्धेचं परीक्षण करायला बोलावलंय, किंवा वर्गातली चाळीसेक पोस्टर टेबलावर येऊन पडलीत आणि हातात एक तक्ता आहे ज्यात 'सर्जनशीलता १०' आणि 'विषयाशी सुसंगती १०' असे दोन रकाने आहेत, पण त्या दहापैकी सहा कधी द्यायचे आणि नऊ कधी हे मात्र कुणीच सांगितलेलं नाही. अशा वेळी बहुतेक जण काय करतात तर जे चित्र सुबक दिसतं त्याला दोन्ही रकान्यांत जास्त मार्क देतात आणि मोकळे होतात. मीही बरीच वर्षं हेच केलं. मग एका पोस्टरमुळे माझी पद्धत बदलली, ते आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

विषय होता पाण्याची बचत. आठवीतल्या एका मुलीचा कागद समोर आला. वरच्या कडेला गडद निळ्या रंगाचा रुंद पट्टा, तो खाली येता येता फिकट होत गेलेला, मग ब्रशच्या केसांचे नुसते कोरडे ओरखडे, मग कोरा कागद आणि अगदी तळाशी पेन्सिलने काढलेली बारीकशी बादली, रंग न भरलेली. मला वाटलं पोरीला वेळ पुरला नाही. अर्धवट काम म्हणून मार्क कापले आणि पुढच्या कागदाकडे वळले. निकाल लागून गेल्यावर ती समोर दिसली म्हणून सहज विचारलं, अगं बादली रंगवायची राहिली का गं? तर ती म्हणाली, "नाही मॅडम, मी ब्रश एकदाच बुडवला. जिथपर्यंत पुरला तिथपर्यंत ओढला. बादलीपर्यंत पाणी पोचतच नाही, असं दाखवायचं होतं."

बाकी सगळ्यांनी गळके नळ आणि रडणारी पृथ्वी काढली होती आणि या एकटीने पाणी पुरवून वापरणं म्हणजे काय ते हातातल्या ब्रशने करून दाखवलं होतं, आणि मी तिच्या कागदापुढे जेमतेम दहा सेकंद थांबले होते. त्या दिवसापासून मी पोस्टर बघताना स्वतःला एकच गोष्ट विचारते, की या कागदावरून माझ्यापर्यंत काय पोचलं आणि ते कशामुळे पोचलं. मला काय आवडलं हा प्रश्न अगदी शेवटी येतो, आणि बरेचदा त्याची गरजच पडत नाही.

पायरी १. पोस्टर बघायच्या आधी विषय वाचा

हे फार साधं वाटतं पण निम्मे घोळ इथेच होतात. मुलांना दिलेली सूचना जशीच्या तशी मागवून घ्या, तोंडी कुणीतरी सांगितलेला विषय धरून बसू नका, कारण 'मोबाइलचं व्यसन' आणि 'मोबाइलचा योग्य वापर' हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यात धोका दाखवला की काम झालं, दुसऱ्यात मात्र योग्य वापर म्हणजे काय तेही कुठेतरी दिसायला पाहिजे, नुसता साखळदंडात अडकलेला मुलगा काढला तर उत्तर अर्धंच झालं.

विषय वाचला की स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहून काढा, की हे पोस्टर बघून बघणाऱ्याला काय कळायला हवं किंवा त्याने काय करायला हवं. मग तीन गोष्टी विचारून घ्या: पोस्टर कुणी बघणार आहे, घोषवाक्य सक्तीचं आहे का, आणि कागदाचा आकार व माध्यम काय सांगितलंय. ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर आणि ए२ म्हणजे ४२० बाय ५९४, म्हणजे बरोब्बर दुप्पट कागद, आणि ए२ वर शोभेल एवढा मजकूर ए३ वर कोंबला तर त्याचा दोष मुलाकडे जातो का सूचनेकडे हे तुम्हाला आधीच माहिती असायला हवं. सूचनेतच गोंधळ असेल तर आयोजकांशी तेव्हाच बोलून घ्या, मुलांच्या मार्कांतून ते वसूल करू नका.

पायरी २. आधी लांबून, तेही गप्प बसून

सगळी पोस्टर भिंतीला लावा किंवा जमिनीवर ओळीने मांडा. गठ्ठा हातात घेऊन एकेक उलटत बघू नका, पोस्टर ही हातात धरून वाचायची वस्तूच नाही. तीन-चार मीटर लांब उभं राहा आणि प्रत्येकावर पाच सेकंद नजर टाका, मग मान वळवून वहीत फक्त एवढंच लिहा की काय लक्षात राहिलं. 'लाल हात', 'मोठा डोळा', 'खूप मजकूर, वाचला नाही', 'काहीच नाही'. मार्क नाही, शेरा नाही.

मग एकदा डोळे किलकिले करून परत बघा. बारीक तपशील विरघळतात आणि फक्त गडद-फिकट ठिगळं उरतात, त्यात जे सगळ्यात ठळक दिसतं तेच पोस्टरचं मुख्य बोलणं आहे का ते बघायचं. मी पाहिलंय की बऱ्याच पोस्टरमध्ये सगळ्यात ठळक दिसते ती मुलाने हौसेने काढलेली नक्षीदार चौकट, आणि विषय बिचारा मध्ये कुठेतरी फिकट पडलेला असतो.

ही पायरी घाईत गाळू नका, कारण जवळ गेल्यावर तुम्ही सगळं वाचता, समजून घेता, आणि मग ते पोस्टर लांबून बोलत होतं की नव्हतं हे तुम्हाला परत कधीच कळत नाही. पहिली नजर एकदाच मिळते.

पायरी ३. जवळ जा आणि नुसतं वर्णन करा

कलाशिक्षणात एडमंड फेल्डमन यांची चार टप्प्यांची पद्धत बरीच वापरली जाते: वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि मग निर्णय. नवीन माणसाने त्यातून काही एक उचलायचं असेल तर निर्णय शेवटी येतो एवढंच उचला, कारण आपल्या डोक्यात तो सगळ्यात आधी येऊन बसलेला असतो.

वर्णन म्हणजे काय ते त्या बादलीच्या पोस्टरवरच सांगते. मी तेव्हा मनात म्हणाले होते 'अपूर्ण'. हा निर्णय झाला. वर्णन केलं असतं तर असं झालं असतं: वर गडद निळा, खाली फिकट, पट्टा सलग आहे, मध्ये ब्रश उचललेला दिसत नाही, ओरखडे सगळे एकाच दिशेने, कडेला टेप लावून रेष सरळ राखलेली, तळाशी बादली, तिची रेघ सफाईदार, खोडरबराची खूण नाही. आता बघा, ज्या मुलीने कडेला टेप लावून पट्टा सरळ ठेवलाय तिला वेळ पुरला नसेल हे पटतं का? नुसतं वर्णन नीट केलं असतं तरी माझा निर्णय तिथेच डळमळला असता.

पहिली पाच-सहा पोस्टर तरी असं प्रत्येकी तीन-चार ओळींचं वर्णन खरोखर लिहून काढा. पुढे सवय झाली की मनातल्या मनात होतं.

पायरी ४. विषयाशी नातं किती घट्ट आहे

इथे माझ्या तीन कसोट्या आहेत आणि त्या कुठल्याही वयाच्या मुलांच्या कामाला चालतात.

पहिली, घोषवाक्य हाताने झाका. आता चित्र एकटं विषयाबद्दल काही सांगतंय का? मग उलट करा, चित्र झाका आणि वाक्य वाचा. दोघंही एकच गोष्ट दोनदा सांगत असतील, म्हणजे झाड काढलंय आणि खाली लिहिलंय 'झाडे लावा', तर काम चाललंय पण फार नाही. चित्राने अर्धं सांगितलं आणि वाक्याने उरलेलं पुरं केलं तर मुलाने खरा विचार केलाय असं समजा.

दुसरी, अदलाबदल. मनातल्या मनात त्या पोस्टरवर दुसऱ्याच विषयाचं वाक्य लावून बघा. दोन तळहातांवर पृथ्वी, हे चित्र पाणी, प्रदूषण, शांतता, तापमानवाढ, आरोग्य, कशालाही चालतं ना? मग ते या विषयाचं नाही, कुठल्याच विषयाचं नाही. बादलीच्या पोस्टरवर 'शांतता राखा' लावून बघा, बसणारच नाही. जे चित्र दुसरीकडे कुठे चालत नाही त्याची मुळं आपल्या विषयात खोल गेलेली असतात.

तिसरी, विषयाचा कुठला तुकडा पकडलाय. मुलं बरेचदा अख्खा विषय एका कागदावर आणायला बघतात. प्रदूषण म्हटलं की कारखाना, गाडी, प्लास्टिक, मेलेला मासा, मास्क लावलेला मुलगा, सगळं एकत्र. हे विषयाला धरून आहे हे खरंच, पण बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एखाद्याने फक्त टूथब्रश काढला आणि तो टाकून दिल्यावर कुठे जातो एवढंच दाखवलं तर त्याला मी सुसंगतीत जास्त मार्क देते, कारण त्याने विषयात आत शिरायला एक दार निवडलं. छोटा तुकडा पकडला म्हणून 'विषय पूर्ण मांडला नाही' असे मार्क कापणारे परीक्षक मी पाहिलेत, त्यांच्याशी दर वेळी वाद घालते आणि पुढेही घालेन.

आता विषयापासून लांब गेलेलं पोस्टर आणि विषयाकडे लांबून आलेलं पोस्टर यात गल्लत होते, तेवढी सांभाळा. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे जपानी डिझायनर शिगेओ फुकुदा यांचं १९७५ चं 'व्हिक्टरी १९४५' हे पोस्टर. दुसरं महायुद्ध संपल्याला ३० वर्षं झाली त्यानिमित्ताने केलेलं. पिवळी पार्श्वभूमी, कोपऱ्यातून तिरकी आलेली तोफेची काळी नळी, आणि तोफगोळा सुटून पुढे जायच्या ऐवजी टोक उलटं करून परत नळीकडेच निघालाय. बस. वॉर्सामधल्या स्पर्धेत त्याला ग्रँड प्राइज मिळालं. त्यात कबुतर नाही, ऑलिव्हची फांदी नाही, हातात हात नाहीत, आणि तरी युद्धाचा सगळा वेडेपणा त्या एका उलट्या गोळ्यात आलाय. वरवर बघणाऱ्याला वाटेल की यात तर शस्त्रच काढलंय, शांतता कुठाय? म्हणून घाई नको. पोस्टर विषयाबाहेरचं वाटलं तर 'यातून विषयाकडे जाणारी एखादी वाट आहे का' हे स्वतःला एकदा तरी विचारा, नाही सापडली तरच मार्क कापा.

पायरी ५. सर्जनशीलता, म्हणजे नक्की काय बघायचं

सगळ्यात जास्त अन्याय या रकान्यात होतो, कारण परीक्षक इथे चित्रकला मोजतात. हात चांगला असणं ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी वेगळा रकाना हवा, नसेल तर आयोजकांना मागा.

एक अगदी साधा उपाय सांगते. सगळी पोस्टर समोर असताना कुठली कल्पना किती वेळा आली ते मोजा, खरंच वहीत रेघा ओढून मोजा. अर्धं हिरवं अर्धं वाळलेलं झाड इतक्या वेळा, रडणारी पृथ्वी इतक्या वेळा, मेंदूच्या जागी मोबाइल इतक्या वेळा. सर्जनशीलता मोजायच्या ज्या चाचण्या एलिस पॉल टॉरन्स यांनी १९६६ मध्ये तयार केल्या त्यातही नावीन्याचे गुण याच तत्त्वावर आहेत, की तेच उत्तर बाकीच्यांमध्ये किती दुर्मीळ आहे. आणि त्यांनी नावीन्य हा एकच निकष ठेवला नव्हता, किती कल्पना सुचल्या, किती वेगवेगळ्या प्रकारच्या सुचल्या आणि सुचलेली कल्पना किती फुलवली हेही त्यात होतं. आपल्याला एका कागदावरून किती सुचल्या ते कळत नाही, पण किती फुलवली ते नक्की दिसतं.

म्हणून घासून गुळगुळीत झालेली कल्पना दिसली की लगेच तीन मार्क देऊन पुढे जाऊ नका. त्या मुलाने तिच्याशी काय केलं ते बघा. बोट रोखून बघणाऱ्याला सैन्यात बोलावणारं पोस्टर घ्या, आल्फ्रेड लीट यांनी ते चित्र ब्रिटनमध्ये १९१४ मध्ये काढलं, तेव्हाचे ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचा चेहरा घेऊन. अमेरिकेच्या जेम्स मॉंटगोमेरी फ्लॅग यांनी तीच कल्पना उचलून अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेला म्हातारा, रोखलेल्या बोटानिशी काढला आणि १९१७ मध्ये तो भरतीच्या पोस्टरवर आला. कल्पना आधीची, पण त्यांनी ती आपल्या माणसांशी बोलायला लावली. मुलं तर अशीच शिकतात. एका मुलाने रडणारी पृथ्वी काढली होती, पण अश्रू डोळ्यातून न येता एका नळातून येत होता आणि तो नळ अर्धवट बंद केलेला हात त्याने पुढून, म्हणजे बघणाऱ्याचाच वाटेल असा काढला होता. रडणारी पृथ्वी जुनीच, पण तो हात त्याचा स्वतःचा. त्याला मी दहापैकी आठ दिले होते आणि आजही तेवढेच देईन.

उलटंही होतं. नुसतं विचित्र काहीतरी काढलं, जे कुणीच काढलेलं नाही पण विषयाशी त्याचा काही संबंध लागत नाही, तर ते वेगळं झालं, सर्जनशील नाही झालं. खरंतर या दोन रकान्यांकडे मी वेगवेगळं बघतच नाही. विषयाकडे जायची नवी वाट म्हणजे सर्जनशीलता, त्यामुळे सुसंगतीत तीन आणि सर्जनशीलतेत नऊ असे मार्क माझ्या हातून पडले तर मी थांबते आणि ते पोस्टर परत बघते, बहुतेक वेळा दोनपैकी एक आकडा चुकलेला असतो.

नकलेबद्दलही सांगते. जसंच्या तसं उतरवलेलं, तयार टेम्प्लेटमध्ये नुसता मजकूर बदललेलं, किंवा एआयकडून काढून घेतलेलं चित्र ओळखायला डोळ्यांवर फार विसंबू नका, तुम्ही चुकीच्या मुलावर संशय घ्याल आणि ते त्या मुलाला फार लागतं. त्याऐवजी आधीच नियम करा की पोस्टरसोबत कच्च्या आराखड्यांचा एक कागद जोडायचा, निदान तीन लहान स्केच आणि 'हेच का निवडलं' याची दोन वाक्यं. हा एक कागद परीक्षकाच्या फार कामाचा आहे. माझ्याकडे त्या दिवशी तो असता तर बादलीच्या बाजूला 'ब्रश एकदाच बुडवायचा' असं काहीतरी लिहिलेलं मला दिसलं असतं.

पायरी ६. अक्षरं, रंग, मांडणी

हे लवकर उरकता येतं, आणि लवकरच उरकावं, नाहीतर परीक्षण शुद्धलेखन तपासणीसारखं होऊन बसतं.

अक्षरं लांबून वाचता येतात का? साइनबोर्ड करणाऱ्यांचा ठोकताळा आहे की दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर साधारण एक इंच उंच हवं. मुख्य वाक्याला तो लावून बघा, खालच्या बारीक मजकुराला नको. देवनागरीत एक खास घोळ होतो, दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-मात्रा एकमेकांत घुसतात आणि शब्द वाचताच येत नाही, त्याकडे लक्ष द्या. सजावटीच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटून पायमोडकी झालीत का तेही बघा.

रंगात फक्त उठाव बघायचा. वेबसाठी जे सुगम्यतेचे नियम आहेत त्यात अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असा सांगितलाय, कॉम्प्युटरवर केलेलं पोस्टर असेल तर हे मोजायची फुकट टूल मिळतात. हाताने केलेलं असेल तर मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा, अक्षरं गायब झाली तर उठाव कमी आहे. लाल-हिरव्यावरच सगळा अर्थ टांगला असेल तर तेही सांगा, कारण रंग ओळखण्यातला दोष वाटतो तेवढा दुर्मीळ नाही, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो साधारण १२ पैकी एकाला असतो आणि बहुतेकांना नेमका लाल-हिरव्याचाच.

आणि मोकळी जागा दिसली की ती राहून गेलीये का ठेवलीये हे बघा. मी का सांगतेय ते तुम्हाला कळलंच असेल.

पायरी ७. आता मार्क

इतका वेळ मार्क दिले नाहीत म्हणून आता ते सोपे जातात. आधी तीन पोस्टर निवडा, एक स्पष्टपणे वरचं, एक मधलं, एक कच्चं, आणि ती टेबलावर समोरच ठेवा. बाकीची प्रत्येक या तिघांशी ताडून बघायची, नाहीतर सकाळी दिलेला सात आणि दुपारी थकल्यावर दिलेला सात वेगळे निघतात.

मार्क देताना एक पोस्टर घेऊन सगळे रकाने भरू नका, एक रकाना घेऊन सगळी पोस्टर संपवा, मग दुसरा रकाना. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवलं होतं की वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या माणसांना वेगवेगळ्या गुणांसाठी मार्क देतात तेव्हा एका गोष्टीतलं चांगलं मत बाकी सगळ्यांवर सांडतं. पोस्टरमध्ये हे सुंदर रंगकामामुळे होतं. रंगकाम छान, म्हणून कल्पनाही छान वाटायला लागते, म्हणून सुसंगतीही. रकान्यावार गेलं की हे पूर्ण जात नाही पण बरंच कमी होतं. दुसऱ्या फेरीला क्रम उलटा करा, शेवटच्या कागदापासून सुरुवात.

आणि निकाल देण्याआधी बाद केलेला गठ्ठा एकदा उघडा. हे मी आता कधीच चुकवत नाही. बर्लिनमध्ये १९०६ च्या सुमारास प्रीस्टर नावाच्या काडेपेटीच्या ब्रँडसाठी पोस्टर स्पर्धा झाली होती, त्यात ल्युशियन बर्नहार्ड नावाच्या तरुणाने पोस्टर पाठवलं. गोष्ट अशी सांगतात की आधी त्याने टेबल, अ‍ॅशट्रे, सिगार, धुरातून नाचणाऱ्या मुली असं सगळं काढलं होतं, मित्र ते बघून म्हणाला सिगारची जाहिरात छान झालीये, तेव्हा त्याने एकेक करून सगळं काढून टाकलं आणि शेवटी राहिल्या दोन मोठ्या काड्या आणि वर नाव. परीक्षकांनी ते बाजूला टाकलं. मग उशिरा आलेल्या एर्न्स्ट ग्रोवाल्ड या परीक्षकाने ते टाकलेल्या कागदांतून उचललं आणि पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. पुढे जर्मनीत साध्या वस्तू-पोस्टरांची जी शैली आली ती त्या कागदापासून सुरू झाली असं मानतात. साधी, रिकामी वाटणारी पोस्टर गठ्ठ्याच्या तळाशी जातात, तेव्हाही गेली आणि आजही जातात.

पायरी ८. मुलाला सांगायचं कसं

मार्क कागदावर राहतात, मुलाच्या डोक्यात राहतं ते तुमचं वाक्य. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये अभिप्राय द्यायची चार टप्प्यांची एक पद्धत आखली आणि ती चित्रकलेलाही तशीच लागू पडते. आधी बघणारा सांगतो की यात त्याला काय भिडलं, मग करणारा प्रश्न विचारतो, मग बघणारा ज्यांच्या आड स्वतःचं मत दडलेलं नाही असे साधे प्रश्न विचारतो आणि सगळ्यात शेवटी, करणाऱ्याची परवानगी घेऊन, मत देतो.

तिसऱ्या टप्प्यात लोक अडखळतात. 'मागचा रंग इतका भडक का केलास?' हा प्रश्न नाही, ही नापसंती आहे आणि मुलाला ती लगेच कळते. 'मागचा रंग निवडताना तुझ्या डोक्यात काय होतं?' असं विचारलं की मूल बोलायला लागतं, आणि निम्म्या वेळा बोलता बोलता स्वतःच म्हणतं की अरे हो, हे बदलायला पाहिजे.

'छान आहे', 'अजून मेहनत घे', 'नावीन्य कमी' असल्या शेऱ्यांनी मुलाच्या हाती काहीच लागत नाही. शेरा असा हवा की तो वाचून मूल घरी जाऊन कागदावर एक गोष्ट बदलू शकेल. 'लांबून मला आधी चौकट दिसली आणि नळ नंतर, तू चौकट काढून बघशील का?' असा. एका पोस्टरला एकच मुख्य सूचना, फार तर दोन. सात सुधारणा सांगितल्या की मूल पोस्टर फाडतं, मी फाडलेलं पाहिलंय.

लहान मुलांना, म्हणजे चौथी-पाचवीपर्यंत, मी फक्त दोन गोष्टी सांगते, मला काय दिसलं आणि मला आणखी काय बघायला आवडेल. मोठ्यांना मात्र स्पष्ट बोलावं, त्यांना खोटं कौतुक लगेच ओळखू येतं आणि मग ते तुमचं खरं कौतुकही मानत नाहीत. शेरा कधीही पोस्टरवर लिहू नका, मागच्या बाजूलाही नको, पेनाचा डाग पुढे उमटतो. वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि क्लिपने लावा.

त्या मुलीला मी नंतर जे सांगितलं तेही सांगते, कारण कौतुक आणि टीका दोन्ही त्यात होतं. मी म्हटलं, तुझी कल्पना मला तू सांगितल्यावर कळली आणि ती मी पाहिलेल्या सगळ्यात चांगल्या कल्पनांपैकी आहे, मी ती ओळखायला हवी होती. पण पोस्टरजवळ तू उभी नसणारेस. बघणाऱ्याला ब्रश एकदाच बुडवलाय हे कळायला काय करता येईल? ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बादली ठळक काढते. आणि वर, जिथे सुरू होतं तिथे, ब्रश काढू? नको... नळ काढते." पुढच्या आठवड्यात तिने नवीन कागद आणला. वर काळ्या शाईने नळ, त्याच्या तोंडातूनच तो निळा पट्टा सुरू झालेला, खाली जाड रेघेची रिकामी बादली, आणि मध्ये जिथे रंग संपला होता नेमकं तिथे लहान अक्षरांत लिहिलं होतं, 'एवढंच होतं'.